पियानोची तालीम आणि उपज

पियानो शिकणे म्हणजे समोर उघडून ठेवलेल्या पुस्तकातील खुणा वाचणे आणि त्यांच्या हुकुमाप्रमाणे बोटे चालविणे, अशी इकडील सुशिक्षित घरांतून सर्वसाधारण समजूत आहे. ख्यालगायकाला चिजेच्या दोन ओळी मिळाल्या की पुढची सगळी इमारत त्याने स्वतःच्या कल्पनेने उभारावयाची. पियानोवादकाने मात्र लिहिलेल्यातला एक स्वरही इकडचा तिकडे करावयाचा नाही. हिंदुस्थानी संगीत उपजेचे आणि युरोपीय संगीत पाठांतराचे, असा भेद मग सहजच काढला जातो आणि तो भेद जणू त्या त्या लोकांच्या स्वभावातच आहे असे मानले जाते.

इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. पियानो जन्माला आल्यापासून पुढे सव्वाशे वर्षेपर्यंत, ज्याला आयत्या वेळी स्वतःचे काही वाजविता येत नाही तो वादक अर्धाच शिकलेला, असे खुद्द युरोपातच समजले जात होते. लहान मुलाला पट्ट्यांची ओळख करून देतानाच रचना करण्याचीही गोडी लावावयाची, हा तेथील थोर शिक्षकांचा रिवाज होता. पुढे एकोणिसाव्या शतकात वाजविणे आणि रचणे यांची फारकत झाली. ती का झाली, तिने काय मिळविले आणि काय गमावले, व आज ती पुन्हा सांधण्याचे प्रयत्न का चालले आहेत, हा केवळ एका परकीय वाद्याचा प्रश्न नाही. विद्या देताना शिष्याच्या हाती नेमके काय द्यावयाचे, हा सर्वच शिक्षणाचा प्रश्न त्यात आहे.

पियानो घडविला तो फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने. १७०० सालच्या दरबारी वाद्यांच्या यादीत त्याच्या या नव्या वाद्याची नोंद आहे. त्यापूर्वी प्रचारात असलेल्या हार्प्सिकॉर्ड नावाच्या वाद्यात पट्टी दाबली की पिसाच्या टोकाने तार छेडली जाई. बोट हळू ठेवा की जोराने आपटा, आवाज जवळजवळ सारखाच. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी लहानशा हातोडीने तारेवर आघात करण्याची आणि आघात होताच हातोडी मागे परतण्याची योजना केली. त्यामुळे बोटाच्या जोराप्रमाणे नाद लहानमोठा होऊ लागला. हळू आणि मोठ्याने अशा अर्थाच्या दोन इटालियन शब्दांवरूनच या वाद्याचे नाव पडले. त्याने केलेले तीन पियानो न्यूयॉर्क, रोम आणि लाइप्झिग येथे अद्याप जपून ठेवलेले आहेत.

या वाद्याचा प्रसार व्हावयास पुढे बराच काळ जावा लागला. परंतु पट्ट्यांची वाद्ये शिकविण्याची पद्धत तेव्हा कशी होती, याचा उत्तम पुरावा जर्मनीत एका बापाने आपल्या मुलासाठी केलेल्या वहीत सापडतो. हा बाप म्हणजे योहान सेबास्टियन बाख. २२ जानेवारी १७२० रोजी त्याने आपला नऊ वर्षांचा वडील मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी ही वही सुरू केली. पहिल्या पानांवर स्वरलिपीची चिन्हे, मग मुरकीसारख्या अलंकारांचा तक्ता, मग कोणत्या स्वरावर कोणते बोट टाकावयाचे हे दाखविणारा एक छोटा तुकडा, अशी तिची मांडणी आहे. वहीतील काही पाने बापाच्या आणि काही मुलाच्या हस्ताक्षरात आहेत. म्हणजे वही नुसती वाचावयाची नव्हती, ती लिहावयाचीही होती.

याच वहीतील काही रचना सुधारून बाखने १७२३ साली पंधरा दुपदरी व पंधरा तिपदरी तुकड्यांचा संग्रह सिद्ध केला. त्यांपैकी दुपदरी तुकड्यांना त्याने जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी सुचलेली कल्पना असा होतो. संग्रहाच्या मुखपृष्ठावर त्याने आपला हेतू स्पष्ट नमूद केला आहे. विद्यार्थ्याने दोन आणि पुढे तीन स्वतंत्र ओळी स्वच्छ वाजवाव्या, गाण्यासारखे वाजविण्याची सवय लावून घ्यावी, एवढे सांगून तो थांबत नाही. चांगल्या कल्पना सुचाव्या कशा, सुचल्यावर वाढवाव्या कशा, आणि रचनेची चव आधीच कशी घ्यावी, हेही या तुकड्यांतून शिकावे असे तो सांगतो. आज हेच तुकडे जगभर परीक्षेसाठी बसवून घेतले जातात. पण त्यांच्या कर्त्याने ते शिष्यांना रचनेचे नमुने म्हणून दिले होते, ही गोष्ट बहुधा विसरली जाते.

बाख स्वतः कोणत्या तयारीचा होता याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १७४७ च्या मे महिन्यात तो प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पॉट्सडॅम येथील दरबारी गेला. राजाजवळ झिल्बरमान या कारागिराने केलेले नवे पियानो होते. राजाने एक चाल वाजवून दाखविली आणि तिच्यावर बाखने तेथल्या तेथे तिपदरी फ्यूग उभा केला. एकच चाल एकामागून एक निरनिराळ्या ओळींनी उचलावयाची आणि तरीही सर्वांचा मेळ राखावयाचा, असा हा अत्यंत कठीण प्रकार आहे. तयारीच्या गवयाने अनोळखी चीज ऐकून तिच्यात तत्काळ बोलतानांची आतषबाजी करावी, त्याच जातीचे हे कर्तब होय.

त्याच दरबारी नोकरीस असलेला बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने वाद्यशिक्षणावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १७५३ साली आणि दुसरा १७६२ साली प्रसिद्ध झाला. बोटांची ठेवण, अलंकार, साथसंगत असे विषय क्रमाने घेत तो शेवटच्या प्रकरणात मुक्त फँटासियाकडे वळतो. आधी खर्जाच्या स्वरांची एक ओळ योजावी, प्रत्येक स्वरावर कोणते सहस्वर शोभतील ते ठरवावे, आणि मग त्या सांगाड्यावर आलापासारखे मोकळे वादन करावे, अशी त्याची शिकवण आहे. उदाहरणादाखल त्याने एका फँटासियाचा नुसता सांगाडाही दिला आहे आणि त्यावरून तयार झालेली रचनाही दिली आहे. उपज ही दैवी देणगी असून ती शिकविता येत नाही, या म्हणण्याला अडीचशे वर्षांपूर्वी दिलेले हे उत्तर आहे.

जर्मनीत हे शिक्षण घरात मिळत होते, तर इटलीतील नेपल्स शहरी ते अनाथालयात मिळत होते. तेथे चार अनाथाश्रम होते. त्यांपैकी सर्वांत जुना १५३७ साली निघालेला. जतन करण्याचे ठिकाण अशा अर्थाने त्यांना कॉन्सर्वेतोरिओ म्हणत, आणि जतन करावयाची ती संगीतविद्या नव्हे तर निराधार मुले. पुढे या मुलांना पोटापाण्याचा धंदा म्हणून संगीत शिकविण्यात येऊ लागले, आणि ते इतके नावाजले गेले की जगातील संगीतविद्यालयांनी तेच नाव उचलले. पेर्गोलेसी आणि चिमारोझा यांच्यासारखे रचनाकार याच आश्रमांतून बाहेर पडले.

नेपल्सच्या शिक्षकांचे मुख्य साधन पार्तिमेंतो हे होते. पार्तिमेंतो म्हणजे कागदावर लिहिलेली एकच ओळ, बहुतेक डाव्या हाताने वाजवावयाच्या खर्जाची. उजव्या हाताने काय वाजवावयाचे ते लिहिलेलेच नसे. ते मुलाने आपल्या मनाने भरून काढावयाचे. अर्थात मुलाला वाऱ्यावर सोडून दिलेले नसे. सप्तकातील प्रत्येक स्वर खर्जात आला असता त्यावर कोणते स्वर बसतात याचा नियम आधी पाठ करून घेतला जाई. मग ओळ कशी संपवावी, एका पट्टीतून दुसरीत कसे जावे, याचे ठराविक मार्ग हातात बसविले जात. असे शंभर मार्ग हातात बसले की एकशे एकावा मुलगा आपला आपण काढी. दुरांते आणि फेनारोली ही या परंपरेतील मोठी नावे होत. फेनारोलीचे नियमांचे पुस्तक १७७५ साली छापले गेले. ज्या मुलाला मागेपुढे कोणी नाही त्याला चर्चमध्ये किंवा नाटकगृहात ऐन वेळी वाद्यावर बसविले तरी भाकरी कमाविता आली पाहिजे, हा या तालमीचा रोख होता. उपज ही तेथे हौसेची बाब नव्हती, ते निर्वाहाचे साधन होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना हे संगीताचे केंद्र झाले आणि पियानोने हार्प्सिकॉर्डला मागे सारले. २४ डिसेंबर १७८१ रोजी सम्राट जोसेफ याच्यासमोर मोझार्ट आणि क्लेमेंटी या दोघांची जी चढाओढ लावण्यात आली, तिच्यात आयत्या वेळचे वादन हा एक मुख्य भाग होता. तरुण बीथोव्हेनने त्या शहरात प्रथम नाव मिळविले तेही उपजेच्या वादनावर. त्याच बीथोव्हेनकडे १८०१ च्या सुमारास दहा वर्षांच्या कार्ल चेर्नी याला घेऊन त्याचे वडील गेले. बीथोव्हेनने मुलाला शिष्य केले, सगळ्या पट्ट्यांतील सरगमी घोटावयास लावल्या, आणि इमान्युएल बाखचा तो ग्रंथ मिळवून आणण्यास सांगितले. बापाकडून मुलाकडे आलेली विद्या अशी गुरूकडून शिष्याकडे चालत राहिली.

पण वारा फिरू लागल्याची पहिली खूणही बीथोव्हेनच्याच हातची आहे. पियानो आणि वाद्यवृंद यांच्या कॉन्चेर्टो नावाच्या रचनेत एका ठिकाणी वृंद थांबतो आणि पियानोवादकाला मोकळे रान मिळते. त्या जागेला काडेन्झा म्हणतात. ही जागा वादकाच्या उपजेसाठीच राखलेली असे. १८११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाचव्या कॉन्चेर्टोत बीथोव्हेनने तेथे सूचना लिहिली की वादकाने स्वतःची काडेन्झा न करता लिहिलेले तसेच पुढे वाजवावे. तोवर त्याचे कान फार अधू झाले होते आणि ही रचना दुसऱ्यांनाच वाजवावी लागणार होती. कर्ता आणि वादक ही दोन माणसे झाली की कर्त्याला आपल्या लेखनावर पहारा बसवावासा वाटतो, हे त्यावरून दिसून येते.

चेर्नीचे नाव आज पियानो शिकणाऱ्या मुलांना काहीसे धाकाचे वाटते. बोटांच्या व्यायामाची पुस्तकामागून पुस्तके त्याने लिहिली. त्याच्या प्रकाशित कृतींचा आकडा आठशेच्या वर जातो. परंतु याच चेर्नीने १८२९ साली उपजेच्या वादनाचे पद्धतशीर पुस्तक प्रसिद्ध केले. तुकडा सुरू करण्यापूर्वी चार सूर कसे छेडावे येथपासून एका चालीवरील फँटासिया, अनेक चालींची गुंफण, फ्यूग अशा चढत्या पायऱ्यांनी त्याने विद्यार्थ्याला नेले आहे. खेड्यात राहणाऱ्या एका मुलीला पत्रे लिहिली आहेत अशा स्वरूपाचे त्याचे दुसरे एक पुस्तक आहे. त्यातील अखेरचे पत्र याच विषयावर आहे. सोपे सहस्वर, छोट्या चाली, सरगमीचे तुकडे हे एकमेकांना जोडून पाहावे आणि असा प्रयत्न रोज करीत जावा, असा त्याचा साधा उपदेश आहे. लिस्टसारख्या अलौकिक मुलाला त्याने फी न घेता शिकविले. पण ही विद्या अलौकिक मुलांसाठीच राखून ठेवावयाची असे त्याला वाटत नव्हते, हे या पत्रावरून कळून येते.

त्याच काळात लाइप्झिग शहरी फ्रीडरिख वीक हा पियानोशिक्षक आपल्या मुलीला तयार करीत होता. मुलीचे नाव क्लारा. १८२४ साली, ती पाच वर्षांची असताना, त्याने तिचे शिक्षण सुरू केले. आरंभी स्वरलिपी तिच्यासमोर ठेवलीच नाही. लहान लहान तुकडे कानाने उचलावयाचे, निरनिराळ्या पट्टींत फिरवून वाजवावयाचे, सहस्वर हाताला ओळखू यावयाचे, आणि मग कागद, असा त्याचा क्रम होता. मूल आधी बोलावयास शिकते आणि मग अक्षरे गिरविते, हाच न्याय त्याने संगीताला लावला. वीकचा स्वभाव कठोर होता आणि मुलीवरील त्याचा अंमल जाचक होता. पण ही शिकवण मात्र तिला जन्मभर पुरली. वयाच्या नवव्या वर्षी ती लोकांसमोर बसली आणि पुढे रॉबर्ट शूमानची पत्नी झाल्यावर व त्याच्या मृत्यूनंतर मुलांचा संसार एकटीवर पडल्यावरही साठ वर्षांच्या आसपास जाहीर वादन करीत राहिली. मैफलीत एक रचना संपवून दुसरी धरण्यापूर्वी ती आपल्या मनाने एखादी प्रस्तावना वाजवी आणि श्रोत्यांना एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत अलगद नेऊन सोडी.

प्रौढांच्या शिक्षणाचा विचार करावयाचा तर पॅरिसमधील शोपँ याची आठवण होते. त्याचा चरितार्थ मुख्यतः शिकवण्यांवर चाले आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत उमराव घराण्यांतील प्रौढ हौशी स्त्रियांचा भरणा मोठा होता. हाताच्या स्वाभाविक ठेवणीला काळ्या पट्ट्या सोयीच्या पडतात हे पाहून, पांढऱ्या पट्ट्यांच्या सोप्या दिसणाऱ्या सरगमीने आरंभ न करता, जीत काळ्या पट्ट्या पुष्कळ लागतात अशा सरगमीने तो आरंभ करी. बोटे मुळातच सारख्या बळाची नाहीत, तेव्हा ती सारखी करण्याच्या खटाटोपापेक्षा प्रत्येक बोटाचा गुण ओळखावा, असे तो मानी. त्याच्या शिष्यांच्या छापील प्रती आजही उपलब्ध आहेत. त्यांत एकाच ओळीच्या अलंकारांचे निरनिराळे पाठ त्याने पेन्सिलीने लिहून दिले आहेत. छापून निघालेली स्वतःची रचनाही त्याला शेवटची वाटत नव्हती.

असे असूनही शतक संपता संपता उपजेचे शिक्षण जवळजवळ लोप पावले. याला एक कारण नव्हे, अनेक कारणे झाली. पहिले कारण वाद्याच्या सुबत्तेचे. कारखान्यांतून पियानो स्वस्त निघू लागले आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात ते प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. मुलीला पियानो येतो ही लग्नाच्या बाजारातील एक जमेची बाजू ठरली. दहापाच तुकडे सफाईने वाजले की काम भागत असे. मुलीने स्वतः काही रचावे, अशी अपेक्षा घरच्यांची नव्हती. दुसरे कारण छपाईचे. छापील संगीत घरोघर पोहोचल्यावर, जे विकत मिळते ते स्वतः करण्याचे प्रयोजन उरले नाही.

तिसरे कारण यंत्राच्या मोहाचे. डब्लिनमध्ये शिकविणाऱ्या लोगिए नावाच्या शिक्षकाने १८१४ साली विद्यार्थ्याचे मनगट व बोटे एका चौकटीत अडकवून ठेवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. याच लोगिएने अनेक मुलांना एकदम अनेक पियानोंवर बसवून शिकविण्याची प्रथा पाडली आणि त्या वर्गांत सहस्वरांचे ज्ञानही दिले. पण लोकांनी उचलली ती चौकटीची कल्पना. बोटांचा व्यायाम आणि संगीत या दोन गोष्टी अलग करता येतात, असे मत रूढ झाले. १८७३ साली आनाँ या फ्रेंच शिक्षकाचे साठ व्यायामांचे पुस्तक निघाले आणि अजूनही ते खपत आहे. पलटे घोटल्यावाचून गळा तयार होत नाही हे खरेच. पण पलट्यांतून राग कधी उभा करावयाचा हे सांगावयाचे राहून गेले, तर रियाज हीच विद्या होऊन बसते.

चौथे आणि सर्वांत प्रबळ कारण संस्थांचे. १७९५ साली पॅरिसचे, १८२२ साली लंडनचे आणि १८४३ साली लाइप्झिगचे संगीतविद्यालय निघाले. १८८९ साली लंडनच्या दोन राजमान्य विद्यालयांनी मिळून एक संयुक्त परीक्षामंडळ स्थापिले. ट्रिनिटी कॉलेजने त्याआधीच परीक्षा सुरू केल्या होत्या. परीक्षकाला शेकडो मुले सारख्या मापाने मोजावयाची असतात. लिहिलेले बरोबर वाजले की चूक वाजले हे मोजता येते. सुचलेले कितपत चांगले हे मोजणे कठीण. जे मोजता येते ते अभ्यासक्रमात राहिले, आणि जे मोजणे कठीण ते हळूहळू गळाले. त्यात भर पडली ती दिवंगत रचनाकारांविषयीच्या भक्तिभावाची. बाख आणि बीथोव्हेन यांची वाङ्मयमूर्ती जसजशी उंच झाली तसतसे त्यांच्या लेखनात आपले काही मिसळणे हा अपराध ठरला. हे दोघे स्वतः उपजेचे बादशहा होते, हा विरोधाभास कोणाच्या लक्षात आला नाही.

या स्थित्यंतराची साक्ष क्लारा शूमानच्याच आयुष्याच्या अखेरीस सापडते. १८९५ साली, मृत्यूपूर्वी काही महिने, मुलींच्या आग्रहावरून तिने आपल्या त्या प्रस्तावनांपैकी काही कागदावर उतरवून ठेवल्या. ज्या वस्तूचा प्राणच न लिहिण्यात होता, ती लिहून ठेवण्याची पाळी आली. कारण ती पुढे कोणी करील असा भरवसा उरला नव्हता.

मात्र या बदलाने केवळ हानीच झाली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. स्वरलिपीमुळेच दोनशे वर्षांपूर्वीची रचना जशीच्या तशी हाती येते. परीक्षांमुळे, ज्याच्या घरी बाखसारखा बाप नाही अशा मुलालाही शिक्षणाची एक निश्चित वाट मिळाली. मुंबईतील मुले लंडनच्या या परीक्षांना बसत आली आहेत ती याच वाटेने. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्या विद्येच्या बळावर गोव्याचे वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि संगीतदिग्दर्शकाने गुणगुणलेली चाल लिहून काढून पन्नास वादकांच्या हाती एकाच वेळी देऊ लागले. लेखनाची ही शक्ती थोडी नव्हे. प्रश्न लेखन असावे की नसावे हा नाहीच. लेखनाबरोबर बोलणेही शिकवावयाचे की नाही, हा आहे.

उपज पूर्णपणे मेली नाही. जेथे जेथे प्रसंगाची गरज होती तेथे तेथे ती जिवंत राहिली. फ्रान्समधील चर्चमध्ये ऑर्गनवादकाला धर्मविधी लांबला तर वादन लांबवावे लागते आणि आटोपला तर तत्काळ संपवावे लागते. म्हणून पॅरिसच्या विद्यालयात ऑर्गनच्या वर्गाने उपजेची परीक्षा कधी सोडली नाही. १८७२ पासून सेझार फ्रांक त्या वर्गात शिकवीत असता बहुतेक वेळ याच अंगाला देत असे. मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी बसणाऱ्या पियानोवादकालाही हीच विद्या लागे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात निग्रो वादकांनी तर जॅझच्या रूपाने उपजेचे नवे साम्राज्यच उभारले. तेथील शिक्षण गुरुशिष्यपरंपरेच्या फार जवळचे होते. जेम्स जॉन्सनच्या शेजारी बसून फॅट्स वॉलर तयार झाला. याच परंपरेतील टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक इकडे आला, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ साली कलकत्त्यास वारला. न्यूयॉर्कमध्येच लेनी ट्रिस्टानो या अंध पियानोवादकाने प्रौढ विद्यार्थ्यांसाठी पद्धतशीर शिक्षण सुरू केले. नामांकित वादकांच्या ध्वनिमुद्रिकांतील उपज आधी तोंडाने गाऊन दाखवावयाची आणि मगच वाद्याला हात लावावयाचा, असा त्याचा दंडक होता.

युरोपातही विचारी शिक्षकांना उणीव जाणवू लागली होती. जिनिव्हाच्या विद्यालयात १८९२ पासून शिकविणाऱ्या जाक दालक्रोझला असे आढळले की विद्यार्थी सहस्वरांची गणिते कागदावर अचूक सोडवितात, पण ते स्वर त्यांच्या मनाला ऐकू येत नाहीत. त्याने लयीला अनुसरून सर्व शरीराची हालचाल, स्वरवाचन आणि उपज अशा तीन अंगांची पद्धती बसविली. हंगेरीत बेला बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात १५३ तुकड्यांची सहा भागांतील माला रचली आणि तिचे पहिले दोन भाग आपला मुलगा पेटेर याला अर्पण केले. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या वहीचीच ही पुढची आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. अलीकडे तर नेपल्सच्या जुन्या पार्तिमेंतोंचेही पुनरुज्जीवन झाले आहे. रॉबर्ट जर्डिंगन या अमेरिकन अभ्यासकाच्या २००७ सालच्या ग्रंथाने त्याला मोठी चालना दिली. ट्रिनिटीच्या पियानोपरीक्षेतही उपज हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो.

आज मुलांना आणि प्रौढांना उपज शिकविण्याचा एक सोपा प्रकार सर्वत्र रूढ आहे आणि महाराष्ट्रातील श्रोत्याला त्याची गंमत अधिकच कळेल. विद्यार्थ्याने फक्त काळ्या पट्ट्या वाजवावयाच्या आणि शिक्षकाने खाली खर्जाचा आधार द्यावयाचा. काळ्या पट्ट्या एका सप्तकात पाच. तीन पट्ट्यांच्या गटातील पहिली षड्ज मानली तर त्या पाचांतून भूपाचे स्वर निघतात. तिसरी मानली तर मालकंसाचे. दोन पट्ट्यांच्या गटातील पहिली मानली तर दुर्गाचे. बोट कोठेही पडले तरी विसंवाद होत नाही. त्यामुळे चूक होण्याची भीती जाते, आणि भीती हाच उपजेचा मोठा वैरी आहे. मुलाला ही भीती मुळात कमी असते. त्याला पाऊस वाजव, हत्ती वाजव असे म्हटले की ते लगेच वाजवू लागते. प्रौढाची गोष्ट निराळी. त्याचा कान अनेक वर्षे चांगले संगीत ऐकून तयार झालेला असतो आणि हात मात्र कालच आरंभ केलेला. कान आणि हात यांतील हे अंतर त्याला लाजवते, आणि पुष्कळ प्रौढ विद्यार्थी याच लाजेने वाद्य सोडतात. अशा विद्यार्थ्याला तीनच स्वर द्यावे, पण त्या तिन्हींत स्वतःचे काही बोलावयास लावावे, म्हणजे ऐकून साठविलेली त्याची रसिकता त्याच्या उपयोगी पडते. नियमांची कारणे त्याला समजतात, हा तर त्याला मुलापेक्षा मोठाच फायदा.

याचा आणखी एक दाखला खुद्द महाराष्ट्रातच आहे. हार्मोनियमच्या पट्ट्या पियानोच्याच. ते वाद्य परदेशातून आले. पण त्याच्याबरोबर कागद आला नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याच्या सहवासात, ऐकून ऐकून, त्या पट्ट्यांतून स्वतंत्र मैफल उभी केली. पट्ट्या त्याच, बोटेही तशीच. शिक्षणाची रीत तेवढी निराळी. उपज असणे वा नसणे हे वाद्यावर किंवा वंशावर अवलंबून नाही, शिकविणाऱ्याने काय मागितले यावर अवलंबून आहे, हे सिद्ध करावयास याहून वेगळा पुरावा नको.

म्हणून ज्या घरात आज मुलासाठी किंवा स्वतःसाठी पियानोची शिकवणी लावली जाते, तेथे शिक्षकाला एक प्रश्न अवश्य विचारावा. परीक्षेच्या तीन तुकड्यांखेरीज विद्यार्थी आठवड्यातून पाच मिनिटे तरी पुस्तक मिटून वाजवितो काय? बाखच्या घरी, नेपल्सच्या अनाथालयात आणि वीकच्या लाइप्झिगमध्ये हा प्रश्न कोणाला विचारावा लागला नसता. परीक्षा संपतात, बसविलेले तुकडे दोन वर्षांत विसरले जातात, आणि पुष्कळ घरांतील पियानोवर पुढे छायाचित्रे तेवढी मांडलेली दिसतात. ज्याला पुस्तक मिटल्यावरही चार सूर जोडता येतात, त्याच्या घरचे वाद्य मात्र उघडे राहते.